मोंद्रागोनचे वार्तापत्र : आधी शाळा, मग कारखाना

स्पेनमधल्या बिल्बाओहून बसने तासाभरात या गावी पोचता येते. बास्क लोक त्याला अरासाते म्हणतात. देबा नदीचे अरुंद खोरे, डोक्यावर उदालाइत्स डोंगराचा उघडा कातळ आणि वर्षातले कितीतरी दिवस न थांबणारी बारीक झिमझिम. शेती करावी तर सपाट जमीन नाही, व्यापार करावा तर बंदर जवळ नाही. तरी जेमतेम बावीस हजार वस्तीच्या या गावातून उभ्या राहिलेल्या उद्योगसमूहात आज सत्तर हजार किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात. यंत्रांचे सुटे भाग, यंत्रे, किराणा-बाजार, बँक, विद्यापीठ असा त्याचा पसारा आहे. समूहातल्या मूळ सहकारी संस्थांचे मालक म्हणजे तिथे काम करणारी माणसेच. शेअर बाजारात त्यांचा एकही समभाग विकत मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सहकार नवा नाही. पण आपला सहकार मुख्यतः शेतकऱ्याचा, इथला कामगाराचा. आणि तो सुरू झाला तो एका शाळेपासून. हे पत्र मुख्यतः त्या शाळेविषयी आहे.

1941 साली होसे मारिया अरिस्मेन्दियारिएता नावाचा पंचविशीतला धर्मगुरू इथे नेमणुकीवर आला. लहानपणी अपघातात एक डोळा गेलेला. स्पेनच्या यादवी युद्धात बास्क बाजूच्या वर्तमानपत्रात काम केले म्हणून तुरुंगवास भोगलेला. त्याला बेल्जियममध्ये जाऊन समाजशास्त्र शिकायचे होते, बिशपने परवानगी नाकारली आणि इकडे पाठवले. गाव तेव्हा मोडून पडले होते. हुकूमशहा फ्रँकोच्या फौजांनी इथल्या कित्येकांना, त्यात धर्मगुरूंनाही, गोळ्या घातल्या होत्या. काही परागंदा झाले, काही तुरुंगात होते. रोजगाराचा मोठा आधार म्हणजे कुलपे आणि लोखंडी सामान बनवणारी ‘उनिओन सेर्राहेरा’ ही कंपनी. तिची स्वतःची कामगारशाळा होती, पण त्यात जागा मोजक्या, त्याही कंपनीच्या माणसांच्या मुलांना. बाकीच्या पोरांनी काय करायचे, याचे उत्तर गावात कुणाकडे नव्हते.

शाळा सगळ्यांना खुली करा, अशी विनंती या धर्मगुरूने कंपनीला केली. कंपनीने नकार दिला. मग त्याने गावातल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवल्या. नवी तंत्रशाळा काढायची आहे, तुम्ही काय देऊ शकाल ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाका, असे गावाला सांगितले. पैसे, वस्तू, श्रम, वेळ, जे असेल ते. हुकूमशाहीने मतपेटी काढून घेतलेल्या गावात अशी पेटी रस्त्यावर ठेवणे, हेच मला या सगळ्या इतिहासातले मोठे धाडस वाटते. सुमारे सहाशे जणांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि 1943 मध्ये वीस विद्यार्थ्यांची शाळा सुरू झाली. देणगीदार म्हणून फक्त पावती हातात न देता शाळा कशी चालवायची हे ठरवण्याचा हक्कही मदत करणाऱ्यांना दिला गेला. सभा घेणे, इतिवृत्त लिहिणे, हिशेब मांडणे, विरोधी मत ऐकून घेणे या गोष्टी गाव तिथे शिकले. लोकांच्या मनातली उमेद खरी असते, पण तिला बसायला जागा नसली तर चार महिन्यांत ती विरून जाते. ती जागा या पेट्यांनी आणि त्या सभांनी दिली.

शाळेतली हुशार मुले पुढे शिकायला निघाली. घरी पैसा नव्हता. तेव्हा दिवसा कंपनीत काम, रात्री अभ्यास आणि परीक्षेपुरते सारागोसा विद्यापीठात, अशी सोय लावून अकरा जणांनी तांत्रिक अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्यातले पाच जण कंपनीत वरच्या जागांवर चढले. तिथे त्यांनी कामगारांना मालकीत वाटा द्यावा म्हणून आग्रह धरला. तो मान्य होईना, तेव्हा त्यांनी चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडल्या. ओळखीपाळखीच्या शंभरेक लोकांनी त्यांना उसने पैसे दिले. तारण काही नव्हते, या मुलांवरचा विश्वास एवढेच. परवाना मिळवण्यासाठी व्हितोरियातला एक डबघाईला आलेला कारखाना त्यांनी विकत घेतला, 1956 मध्ये तो मोंद्रागोनला आणला आणि रॉकेलच्या शेगड्या बनवायला सुरुवात केली. पाचांच्या आडनावांतली अक्षरे घेऊन नाव ठेवले ‘उल्गोर’. म्हणजे पहिली शेगडी तयार होण्याआधी तेरा वर्षे शाळा चालली होती. त्या काळी स्पेनची बाजारपेठ परदेशी मालाला जवळजवळ बंद होती, लोकांना घरात शेगडी हवी होती, याचाही मोठा हातभार लागला. पण ती संधी सगळ्या स्पेनला होती.

पुढची वाढ भराभर झाली. 1959 मध्ये ‘काहा लाबोराल’ ही बँक निघाली. खोऱ्यातल्या लोकांची बचत तिच्यात जमू लागली आणि तिच्यातून नव्या संस्थांना भांडवल मिळू लागले. सहकारी सभासद हे स्वतःचेच मालक, म्हणून सरकारी सामाजिक विम्यात त्यांना जागा नव्हती. तेव्हा त्यांनी ‘लागुन आरो’ ही स्वतःची विमा आणि निवृत्तिवेतन व्यवस्था उभी केली. 1966 मध्ये ‘आलेकोप’ नावाची विद्यार्थ्यांची सहकारी संस्था आली. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम, त्यातून फीची तरतूद. 1969 मध्ये स्त्रियांनी ‘आउसो लागुन’ काढली. सुरुवातीच्या वर्षांत लग्न झाले की बाईने कारखाना सोडायचा असा नियम होता. त्यामुळे घरी बसलेल्या बायकांनी जेवण पुरवण्याची आणि साफसफाईची कामे घेऊन स्वतःचे उत्पन्न सुरू केले.

पोटनियम सोपे आहेत. नव्या सभासदाने साधारण पंधरा-सोळा हजार युरो भागभांडवल भरायचे. एकदम जमले नाही तर पगारातून हप्त्याने. भांडवल कितीही असो, सर्वसाधारण सभेत मत एकच. संचालक मंडळ सभासदांतूनच निवडून येते आणि व्यवस्थापक ते मंडळ नेमते. नफ्याचा एक भाग राखीव निधीत आणि एक भाग शिक्षण व समाजकार्यात जातो. उरलेला सभासदाच्या भांडवल-खात्यात जमा होतो आणि नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना हातात येतो. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगारातले अंतर सुरुवातीला एकास तीन होते, आता सर्वसाधारणपणे एकास सहाच्या आसपास आहे. जवळच्या बाजारपेठेत वरच्या अधिकाऱ्याला याच्या कितीतरी पट पगार मिळू शकतो, आणि काही जण त्यासाठी सोडूनही जातात. बहुसंख्य राहतात.

हा हिशेबीपणा कारखान्यापुरता नाही. इथे ‘चोको’ नावाची मित्रमंडळांची स्वयंपाकघरे असतात. मला एकाने आपल्या चोकोत जेवायला नेले. किल्ली प्रत्येक सभासदाकडे. त्याने स्वतः मासा शिजवला, फडताळातून वाइनची बाटली काढली, तेल, पाव, कॉफी घेतली. जेवण झाल्यावर भांडी घासली आणि एका छापील चिठ्ठीवर काय काय वापरले ते लिहून, बेरीज करून पैसे पेटीत टाकले. तिथे ना नोकर होता ना पहारेकरी. बेरीज करताना तो दोनदा थांबला आणि कॉफीचे कप पुन्हा मोजले. मला मोंद्रागोनच्या अहवालांतल्या आकड्यांपेक्षा त्या मोजणीवरून जास्त कळले.

संकटेही आली. 1974 मध्ये पदश्रेणी आणि पगारावरून उल्गोरमध्ये संप झाला, पुढाऱ्यांना काढून टाकले गेले आणि त्या कडवटपणाने गावातली घरे दुभंगली. काही वर्षांनी त्यांना परत घेतले. त्याहून मोठा घाव 2013 चा. उल्गोरचीच वारस असलेली, घरगुती उपकरणे बनवणारी फागोर कर्ज आणि मंदीखाली कोसळली. स्पेनमध्ये घरबांधणी थांबली होती, तर फ्रिज आणि शेगड्या घेणार कोण? इतर संस्थांनी आधी बराच पैसा ओतला होता, मग एका टप्प्यावर त्यांनी आणखी द्यायला नकार दिला. लोक रस्त्यावर आले, अनेकांची गुंतवलेली बचत बुडाली. मात्र पुढे फागोरच्या बहुतेक सभासदांना इतर सहकारी संस्थांत काम मिळाले किंवा ते मुदतपूर्व निवृत्त झाले. एखादा खाजगी कारखाना बंद पडल्यावर गावाचे काय होते, हे गिरण्यांच्या मुंबईला वेगळे सांगायला नको.

दोष अजूनही आहेत. समूहाच्या परदेशातल्या कारखान्यांतले बहुतेक कामगार सभासद नाहीत, नुसते पगारदार आहेत. 2022 मध्ये ओरोना आणि उल्मा या दोन मोठ्या संस्था सभासदांच्या मताने समूहातून बाहेर पडल्या. तरी माझे मत असे की ज्या व्यवस्थेत बाहेर पडण्याचा निर्णयही मतदानाने होतो, ती अजून जिवंत आहे.

महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम 1950 चा. म्हणजे आपण मोंद्रागोनच्या आधीचे. आपल्याकडे कारखाना आधी आला, शाळा-महाविद्यालये त्याच्या मागोमाग आली, आणि ग्रामीण मुलांना त्यांचा मोठा उपयोग झाला. पण ऊस घालणारा सभासद झाला, तसा गव्हाणीवर किंवा बॉयलरवर उभा राहणारा कामगार झाला नाही. ऊस तोडणारा तर हिशेबातच नाही.

आपले संचालक युरोपात अभ्यासदौऱ्यावर येतात. जवळच्या आरेचाबालेतातल्या ओतालोरा प्रशिक्षण केंद्रात जगभरच्या पाहुण्यांना ही सगळी पद्धत समजावून सांगितली जाते. पुढच्या दौऱ्यात एक जागा कारखान्यातल्या कामगाराला द्यावी, आणि परत गेल्यावर त्याला भागधारक करून घेणारी पोटनियम दुरुस्ती सर्वसाधारण सभेपुढे मांडावी, एवढी या वार्ताहराची विनंती आहे.