तंजावरच्या कुरवंजीतला भूगोल

तंजावर (तामिळनाडू) : मुलांकडून देश, नद्या, राजधान्यांची नावे पाठ करून घ्यावीत का? घोकंपट्टी कमी करू पाहणाऱ्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर हा प्रश्न विचारताना येथील मराठा राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचा प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे.

त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल गीतांतून येतो. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यातील भविष्य सांगणारी डोंगरकन्या नायिकेचा हात पाहण्याआधी आपला डोंगर आणि मुलूख वर्णन करते. सरफोजींनी तिच्याच तोंडी पृथ्वीवरील खंड व देश घातले. नावे येथेही पुष्कळ आहेत. पण ती भटकंती केलेल्या स्त्रीच्या मुखातून येत असल्याने कोरड्या यादीसारखी वाटत नाहीत. वगळण्याजोगी आहे ती पद्धत, माहिती नव्हे.

तंजावरची भातशेती कावेरीच्या पाण्यावर पिकते. ही नदी कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात उगम पावते आणि तिचे पाणी मेट्टूर धरणातून या खोऱ्यात सोडले जाते, एवढे ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याला दोन राज्यांमधील पाणीतंट्याची बातमी वाचूनही कळणार नाही.