दुसरी लाइन घेतली, पण राउटरला सांगितलं का?

मोडेम चालू आहे, राउटरवर हिरवा दिवा आहे, वायफायला पूर्ण रेघा आहेत आणि तरीही एकही पान उघडत नाही. तालुक्याच्या गावातली पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, सेतू केंद्र, शहरातला दवाखाना, सगळ्यांनी हे अनुभवलेलं असतं. पावसाळ्याआधी रस्ते खोदताना जमिनीखालची फायबर तुटते, पावसाळ्यात फांदी कोसळली की खांबांवरून ओढलेली तुटते. म्हणून अनेक जण दुसऱ्या कंपनीची लाइन घेऊन ठेवतात आणि दरमहा तिचे पैसे भरतात. पण पहिली लाइन खरोखर जाते, त्या दिवशी दुसरी धडधाकट असूनही काउंटरवरचं काम ठप्प होतं. दुसऱ्या लाइनचा यात काही दोष नसतो. पहिली गेली आहे, हे राउटरला कळलेलंच नसतं.

एक लाइन गेली की वाहतूक आपोआप दुसरीवर नेणं म्हणजे फेलओव्हर. दोन्ही लाइन चालू असताना काम त्यांच्यात वाटून देणं म्हणजे लोड बॅलन्सिंग. दोन्ही कामं फायरवॉल राउटर करतो आणि आता साध्या, स्वस्त राउटरमध्येही ही सोय मिळते. अडचण यंत्राची नाही. लाइन जिवंत आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, हे त्याला नीट सांगावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

राउटरला स्वतःहून काय दिसतं ते पाहा. त्याच्या आणि फायबरच्या डबीच्या मध्ये दोन-तीन फुटांची एक केबल असते. रस्त्यावर फायबर तुटली की डबीवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, दिवा लाल होतो. पण डबी आणि राउटर यांच्यातली केबल शाबूत असते, तिच्यातून वीज खेळत असते. राउटरला तेवढंच कळतं आणि त्याच्या दृष्टीने लाइन चालू असते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कंपनीच्या पहिल्या यंत्राला, म्हणजे गेटवेला, पिंग पाठवून विचारणं. बरेच राउटर मुळात एवढंच करतात. हेही पुरत नाही, कारण बिघाड गेटवेच्या पलीकडे असेल तर गेटवे इमानदारीने उत्तर देत राहतो आणि राउटर निर्धास्त राहतो.

म्हणून चौकशी लांबच्या पत्त्यावर करायची असते. गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे पत्ते त्यासाठी सर्रास वापरले जातात. पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला. एक छोटं पॅकेट पाठवायचं, उत्तराची वाट पाहायची आणि लागलेला वेळ मोजायचा, एवढंच त्याचं काम. चाळीस वर्षांनंतरही लाइनची नाडी पाहायला आपण तेच तंत्र वापरतो.

पण एक उत्तर आलं नाही म्हणून लाइन मेली असं नसतं. गर्दीच्या वेळी चांगल्या लाइनवरही पॅकेट हरवतात. २००४ पासून विकसित होत आलेल्या पीएफसेन्स या मुक्त फायरवॉलचं उदाहरण घेऊ, कारण त्यात हा हिशोब उघड दिसतो. ती दर अर्ध्या सेकंदाला एक पिंग पाठवते आणि मागच्या ६० सेकंदांची सरासरी काढते. आपण काहीही बदललं नाही, तर १० टक्के पॅकेट हरवल्यावर ती सावधगिरीचा इशारा देते आणि २० टक्क्यांच्या पुढे लाइन बंद धरते. उत्तर यायला सरासरी २०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला तर इशारा, ५०० ओलांडले तर लाइन बाद. आता गणित करा. लाइन पूर्ण तुटली तरी साठ सेकंदांच्या सरासरीत २० टक्के नुकसान दिसायला बारा सेकंद लागतात आणि पॅकेट हरवलं असं मानण्याआधी दोन सेकंद वाट पाहिली जाते. म्हणजे निर्णयाला साधारण बारा ते चौदा सेकंद.

हे अंतर आकडे कमी करून घटवता येतं आणि तसा मोह प्रत्येकाला होतो. माझं मत विचाराल तर तो आवरावा. उंबरठा फार खाली आणला की अर्धवट आजारी लाइनवर राउटर मिनिटामिनिटाला उड्या मारू लागतो आणि प्रत्येक उडीत चालू असलेली कामं तुटतात. बारा सेकंदांचा एक खंड परवडतो, दिवसभराची धरसोड नाही.

इथे एक बारीक खाच आहे आणि माहितगारही तिच्यात अडकतात. पहिल्या लाइनची नाडी पाहायला ८.८.८.८ हा पत्ता दिला, की पीएफसेन्स त्या पत्त्याकडे जाणारी वाट पहिल्या लाइनशी कायमची बांधून टाकते. तसं केलं नाही तर पिंग दुसऱ्या लाइनवरून फिरून येईल आणि मेलेली लाइन जिवंत भासेल. पण कार्यालयातल्या संगणकांना संकेतस्थळांचे पत्ते शोधण्यासाठी, म्हणजे डीएनएससाठीही तोच ८.८.८.८ दिलेला असतो. पहिली लाइन गेली की वाहतूक दुसरीवर जाते, पण डीएनएसची चौकशी बंद वाटेवरच अडते. लाइन बदलली, तरी एकही पान उघडत नाही. म्हणून प्रत्येक लाइनला नाडीसाठी वेगळा पत्ता द्यावा आणि डीएनएससाठी दोन्ही वाटांनी पोहोचता येतील असे सर्व्हर ठेवावेत. एखाद्या कंपनीचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून आलेल्याला उत्तर देईलच, असं नाही.

पीएफसेन्समध्ये लाइनचा गट करून प्रत्येकीला क्रमांक द्यायचा असतो. पहिलीला १, दुसरीला २ दिला की फेलओव्हर. दोघींना १ दिला की लोड बॅलन्सिंग. इतकं सोपं असल्यामुळे लोक १०० एमबीपीएसच्या दोन लाइन घेतात आणि २०० एमबीपीएसची अपेक्षा धरतात. तसं होत नाही. रेल्वे स्टेशनवर तिकिटाच्या दोन खिडक्या उघडल्या तर रांग लवकर सरते, पण तुमचं एक तिकीट एकाच खिडकीवर मिळतं. राउटरही जोडण्या वाटतो, एका जोडणीतली पॅकेट नाही. वीस जण एकाच वेळी काम करत असतील तर फायदा स्पष्ट जाणवतो. एकट्याने एकाच जोडणीवरून मोठी फाइल उतरवायला घेतली, तर ती एकाच लाइनच्या वेगाने येते.

दोन्ही लाइनचे बाहेरचे पत्ते वेगळे असतात, म्हणून आणखी एक गुंता होतो. बँकेच्या संकेतस्थळावर लॉगिन एका पत्त्यावरून झालं आणि पुढची विनंती दुसऱ्या पत्त्यावरून गेली, तर काही बँकांची यंत्रणा तुम्हाला घुसखोर समजून बाहेर काढते. एका संगणकाला काही काळ एकाच लाइनवर ठेवण्याची सोय राउटरमध्ये असते. ती चालू करावी, किंवा बँकेची कामं नियम करून एकाच लाइनला बांधून द्यावीत.

लाइन बदलताना चालू जोडणी तुटते, तीही याच कारणाने. टीसीपी या प्रोटोकॉलची जोडणी दोन टोकांचे पत्ते आणि पोर्ट यांवरून ओळखली जाते. पत्ता बदलला की समोरच्यासाठी तुम्ही परके. मे २०२१ मध्ये प्रमाण म्हणून आलेल्या क्विक या प्रोटोकॉलमध्ये जोडणीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलूनही जोडणी टिकवता येते. सगळी सॉफ्टवेअर अजून तिथवर आलेली नाहीत. दुसरी लाइन सिमकार्डावरची असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांत एक बाहेरचा पत्ता वाटून देतात. आतून बाहेर जाणारं काम चालतं, पण बाहेरून कार्यालयाचा सीसीटीव्ही पाहायला गेलात तर बहुधा दिसणार नाही.

आता मुळातला प्रश्न. दोन लाइन खरोखर दोन आहेत का? ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं जाळं कोसळलं. सुधारणेच्या कामात राउटरच्या रचनेतला एक फिल्टर काढला गेला, मार्गांच्या माहितीचा पूर आला आणि गाभ्याचे राउटर बंद पडले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. मोबाइल आणि घरचं इंटरनेट एकाच गाभ्यावर होतं, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा आधार उरला नाही. देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार चालवणारी इंटरॅक ही यंत्रणा रॉजर्सवर विसंबून होती. तीही थांबली, मग ग्राहक कोणत्याही कंपनीचा असो. दुरुस्तीसाठी राउटरपर्यंत पोहोचण्याची वाटसुद्धा त्याच जाळ्यातून जात होती, म्हणून अभियंत्यांचे तास वाया गेले. पुढे इंटरॅकने दुसरा पुरवठादार जोडून घ्यायचं ठरवलं.

आपल्याकडेही दोन कंपन्यांची बिलं वेगळी आणि फायबर मात्र एकाच खांबावरून, एकाच चरातून आलेली, असं घडू शकतं. लाइन घेताना विचारा: केबल कुठून येते? इमारतीत कुठल्या बाजूने शिरते? शक्य असेल तर एक फायबरची आणि एक मोबाइलवरची किंवा हवेतून येणारी ठेवा. विजेचाही विचार करा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातली वीज गेली, तेव्हा ज्यांचा राउटर यूपीएसवर होता पण फायबरची डबी साध्या प्लगवर होती, त्यांना त्या यूपीएसचा काही उपयोग नव्हता.

हे सगळं झालं की कामाची गर्दी नसलेल्या वेळी पहिल्या डबीतून फायबर काढायला लाइनवाल्याला सांगा, किंवा डबीची वीज बंद करा. राउटरची केबल उपटून पाहणं पुरेसं नाही, कारण तेव्हा राउटरला बिघाड लगेच दिसतो आणि नाडी तपासण्याची यंत्रणा कधी पारखलीच जात नाही. मग घड्याळ लावून बघा, एक पेमेंट करा, एक व्हिडिओ कॉल लावा. लाइन परत आल्यावर राउटर तिच्यावर परततो का आणि जुन्या जोडण्या सिमकार्डाचा डेटा खात बसतात का, तेही तपासा. ही परीक्षा पावसाळ्याआधी एकदा घ्याच.