ताईंचा फोन

अंगणवाडीत तंत्रज्ञान कधी येणार, असं शहरातल्या चर्चासत्रांत अजून विचारलं जातं. ते येऊन बरीच वर्षं झाली. मार्च 2021 पासून देशभरातल्या अंगणवाड्यांच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर होतात. त्याआधी दुसरं अ‍ॅप होतं, त्याहीआधी रजिस्टरांचा गठ्ठा. म्हणजे तीन ते सहा वर्षांची मुलं जिथं बसतात त्या खोलीत एक स्मार्टफोन रोज हजर असतो. मुलांच्या शिकण्याशी त्याचा संबंध मात्र जेमतेम.

सकाळी एखाद्या अंगणवाडीत जाऊन बसा. मदतनीस खिचडीकडे बघतेय, वीसेक मुलं सतरंजीवर आहेत आणि सेविकाताई दारात उभ्या राहून फोनला रेंज मिळतेय का ते पाहतायत. अंगणवाडी उघडल्याची नोंद करायची, मग हजेरी, मग गरम आहार दिल्याची नोंद. वजन-उंचीचा आठवडा असेल तर प्रत्येक मुलाचे आकडे. घरी न्यायच्या आहाराचं वाटप असेल तर आणखी काम, कारण जुलै 2025 पासून पाकीट देताना लाभार्थी बाईचा चेहरा फोननं ओळखावा लागतो. त्यासाठी आधी केवायसी हवं. त्याचा ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर नवऱ्याच्या खिशात आणि नवरा ऊसतोडीला. मग फोनवर फोन. ‘अहो, मेसेज आलाय का बघा की जरा.’ तेवढ्यात एक पोरगी ठोकळ्यांचा मनोरा रचून ताईंचा पदर ओढते, ‘ताई, बंगला केला!’ ताई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणतात, ‘छान हं, जा बस.’

यात ताईंचा दोष नाही. अ‍ॅपही सगळं वाईट आहे असं नाही. वजन-उंची भरली की मूल कुपोषणाकडे घसरतंय का ते लगेच समोर येतं, रजिस्टरात ते पानांच्या आड दडून राहायचं. पण 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं, तेही काही हौसेनं नव्हे. फोनची क्षमता अपुरी, अ‍ॅप इंग्रजीत, आणि काम अडलं की बोलणी ताईंना. बातम्यांत तो ‘मोबाईल चालत नाही’ एवढाच प्रश्न वाटला. माझ्या मते तो बालशिक्षणाचा प्रश्न होता. लहान मुलांच्या खोलीत कोणतंही यंत्र आणताना आधी विचारावं ते हे: ते कोणाशी बोलणार? मुलाशी, मुलाजवळच्या मोठ्या माणसाशी, की जिल्ह्याच्या कार्यालयाशी? आपला फोन सध्या प्रामुख्यानं तिसऱ्या जागी बोलतो. आणि शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सऱ्या ज्या ‘स्मार्ट क्लास’ची जाहिरात करतात, तो पहिल्या जागी बोलतो. मधली जागा बहुधा रिकामीच.

ती मधली जागा का महत्त्वाची, हे कळायला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात झालेला एक प्रयोग नीट पाहावा असा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं त्यांनी घेतली. चार आठवड्यांत बारा वेळा, दर वेळी साधारण पंचवीस मिनिटं, मँडरिन ही मातृभाषा असलेली माणसं या बाळांबरोबर जमिनीवर बसली. पुस्तकं दाखवली, खेळणी पुढं केली, सगळं बोलणं मँडरिनमध्ये. नंतर चाचणी. एकच ध्वनी सारखा वाजत राहतो आणि मध्येच बदलतो. ज्याला बदल कळतो ते बाळ मान वळवतं आणि बक्षीस म्हणून बाजूच्या खोक्यातलं खेळणं हलायला लागतं. इंग्रजीला सरावलेल्या कानाला सारखेच वाटणारे मँडरिनमधले दोन ध्वनी या बाळांनी वेगळे ओळखले. जन्मापासून मँडरिन ऐकणाऱ्या तैवानमधल्या बाळांच्या तोडीनं ओळखले.

मग दुसऱ्या बाळांना तोच मजकूर टीव्हीवर दाखवला. माणसं तीच, पुस्तकं तीच, वेळ तेवढाच. आणखी काहींना फक्त आवाज ऐकवला. या दोन्ही गटांच्या पदरात काही पडलं नाही. मँडरिन कधी कानावरच न पडलेल्या बाळांइतकीच त्यांची कामगिरी. टीव्हीपुढं ती बाळं रडली-कंटाळली म्हणावं तर तसंही नाही, ती टक लावून बघत होती. आपल्याकडं ‘बघा कसा गुंग झालाय’ म्हणून कौतुक होतं, त्या गुंगीची किंमत या प्रयोगात शून्य निघाली.

समोर बसलेलं माणूस वेगळं काय करत होतं? बाळाची नजर चेंडूकडे गेली की ते चेंडूबद्दल बोलत होतं. बाळ हुंकारलं की थांबत होतं, उत्तर देत होतं. टीव्हीतल्या माणसाला बाळ दिसतच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ जूडी डिलोश यांच्या 2010 च्या अभ्यासातली गोष्ट तर आईबापांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी. बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना चार आठवडे शब्द शिकवणारी लोकप्रिय डीव्हीडी दाखवली. काही आयांना डीव्हीडी न देता फक्त शब्दांची यादी दिली आणि रोजच्या व्यवहारात जमेल तसं शिकवा म्हणून सांगितलं. शब्द सर्वात जास्त शिकली ती यादीवाल्या आयांची मुलं. डीव्हीडीवाली मुलं, काहीच न मिळालेल्या मुलांच्या पुढं गेली नाहीत. पण ज्या पालकांना ती डीव्हीडी मनापासून आवडली होती, त्यांना आपलं मूल बरंच शिकलं असं वाटत होतं. मला वाटतं, आपल्याकडची निम्मी शैक्षणिक अ‍ॅप्स या वाटण्यावरच खपतात. मूल ‘ए फॉर अ‍ॅपल’ म्हणतं, पाहुणे वा वा करतात, वर्गणी भरली जाते.

म्हणून स्क्रीन म्हटलं की विष, असं मात्र समजू नये. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिन्कॉफ यांनी 2014 मध्ये दाखवलं की दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून नवी क्रियापदं शिकतात, अगदी समोर बसलेल्या माणसाकडून शिकावीत तशी. त्याच माणसाचं, दुसऱ्या मुलाशी झालेल्या बोलण्याचं चित्रमुद्रण दाखवलं तर शिकत नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. एकीकडे पलीकडचं माणूस या मुलाला बघत होतं. न्यू जर्सीतल्या नातवाशी रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या सांगलीच्या आजीला हे ऐकून बरं वाटेल. ‘काय रे, कांदा कापतेय बघ, डोळ्यांत पाणी आलं,’ हे ती म्हणते तेव्हा तो मराठीच शिकत असतो. त्याच टॅबवर तासभर चालणारी मराठी बडबडगीतं त्या वयात तेवढं देत नाहीत.

मूल तीन वर्षांचं झालं की चित्र थोडं बदलतं. अमेरिकेत नोव्हेंबर 1969 मध्ये सुरू झालेला ‘सेसमी स्ट्रीट’ हा कार्यक्रम जिथं टीव्हीवर नीट दिसत होता, तिथली मुलं पुढं शाळेत वयाप्रमाणे योग्य इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त होतं, असं अर्थशास्त्रज्ञ मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन यांनी दाखवलं आहे. त्याची भारतीय आवृत्ती ‘गली गली सिम सिम’ 2006 मध्ये आली. पण मला त्याहून शिकण्यासारखा वाटतो तो ‘ब्लूज क्लूज’ हा कार्यक्रम, 1996 चा. त्यातला सूत्रधार प्रश्न विचारून खरोखर थांबायचा. काही सेकंद नुसती शांतता. टीव्हीच्या भाषेत हे महापाप! आणि एकच भाग ओळीनं पाच दिवस दाखवायचे. पहिल्या दिवशी मुलं गप्प बघायची, नंतरच्या दिवसांत सूत्रधाराच्या आधी उत्तर ओरडायची. तीच गोष्ट पुन्हा सांग म्हणून रोज रात्री हट्ट धरणारं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही. आता मोबाईलवर एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा सुरू होतो, तिथं थांबणं आणि पुन्हा बघणं या दोन्ही गोष्टींना जागाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं ते सर्वांना तोंडपाठ आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको, दोन ते चार वयात दिवसाला तासाहून जास्त नको. ते मार्गदर्शन मुळात हालचाल, बसून राहणं आणि झोप यांबद्दल होतं, हे मात्र विसरलं जातं. मूल तासभर बघतं म्हणजे तासभर धावत नाही, हा त्यातला हिशेब. स्वीडनसारख्या देशानंही बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती मागं घ्यायचं 2023 मध्ये ठरवलं.

मधल्या जागेत बोलणारं यंत्र कसं असतं, हे बघायला झांझिबारला जावं लागेल. तिथं 2006 च्या सुमारास, बालवाडी नसलेल्या गावांत रेडिओवरून बालवाडी सुरू झाली. झाडाखाली मुलं, गावातलीच एक शिकलेली व्यक्ती आणि एक रेडिओ. कार्यक्रम मुलांना गाणं म्हणायला लावायचा, मग ताईला सांगायचा: आता मुलांना गोलात उभं करा, खडे मोजायला द्या. आणि थांबायचा. खडे मोजून झाले की पुढं. रेडिओला चित्र नव्हतं, त्यामुळे मुलांनी त्याच्याकडे बघत बसण्याचा प्रश्नच नव्हता. बघायचं ते ताईंकडे आणि खड्यांकडे. रोज काय घ्यायचं हा ताईंचा घोर मिटला आणि हातही मोकळे राहिले. टाळेबंदीत नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ चालली, ती प्राथमिकच्या मुलांसाठी होती. अंगणवाडीसाठी असं काही रोजच्या रोज का असू नये, मला कळत नाही.

टाळेबंदीनं आणखी एक गोष्ट शिकवली. शिक्षक, अंगणवाडीताई आणि संस्था पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक छोटी कृती पाठवू लागल्या. व्हिडिओ मिनिटभराचा, तो बघायचा आईनं. ‘आज भाजी निवडताना मुलाला मेथीची पानं आणि काड्या वेगळ्या करायला सांगा. कोणता ढीग मोठा, विचारा.’ मूल फोन बघतच नाही, मेथी निवडतं. वर्गीकरण, तुलना, बोटांचं काम आणि आईशी गप्पा, सगळं त्या परातीत. फोनचं काम एका मिनिटात संपलेलं. केंद्र सरकारचा ‘जादुई पिटारा’ फेब्रुवारी 2023 मध्ये आला तेव्हा त्यात कोडी, खेळणी, चित्रपत्ते आणि गोष्टींची पुस्तकं होती. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या मोबाईल रूपात पालकांशी आणि शिक्षकांशी बोलणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक दिले. दिशा बरोबर आहे. ताईंच्या हाती ते पोचतात का आणि त्यांच्या बोलीत बोलतात का, हे बघावं लागेल. मेळघाटातल्या कोरकू मुलाला किंवा डहाणूतल्या वारली मुलाला प्रमाण मराठीतली गोष्टही आधी समजावून द्यावी लागते, आणि ते काम ताईच करतात.

डहाणूचं नाव निघालं म्हणून आठवलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, हे तिथंच ठरलं. पुढं कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, शिक्षकच कुरणात जायचा. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, मग शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. साधनं बदलली तरी चाललं. मोठं माणूस मुलाच्या शेजारी बसलेलं आहे, ही अट त्यांनी कुठंही सोडली नाही.

ती अट आता कागदावर आकड्यातही आली आहे. मे 2023 मध्ये जाहीर झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ उपक्रमात अंगणवाडीत रोज किमान दोन तास चांगलं पूर्वप्राथमिक शिक्षण द्यायचं म्हटलंय. हे दोन तास येणार कुठून, त्याबद्दल कुणी बोलत नाही. उलट कृती घेतल्याचा पुरावा म्हणून फोटो मागितला की काय होतं, ते कोणत्याही ताई हसत हसत सांगतील: मुलांच्या हातात ठोकळे द्यायचे, फोटो काढायचा, पाठवायचा, ठोकळे गोळा करून पेटीत, आणि पुढची नोंद.

दहा ते बारा या वेळात फोन फक्त ताईंच्या कामाचा असावा. गोष्ट ऐकायला, गाण्याची चाल आठवायला, उद्याची कृती बघायला. लाभार्थ्यांचे चेहरे, ओटीपी, आकडे आणि फोटो दुपारनंतर. अंगणवाडी उघडल्याची नोंद सोडली तर बाकीच्या नोंदी बारानंतर केल्या तरी चालतील, असा एका ओळीचा आदेश काढायला कोणतंही नवं अ‍ॅप लागत नाही.