नावाचं शेपूट कुणी कापलं?

परळी वैजनाथ स्टेशनवर कधी गाडी पाहिलीत? कुठल्या गाडीला डबे कमी, कुठल्या गाडीला जास्त. मग गाडी पूर्ण आली की नाही, हे कसं कळायचं? एक तर डबे किती ते आधी कळवायचं, नाहीतर शेवटच्या डब्यामागची मोठी फुली बघायची. फुली दिसली की गाडी संपली!

कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याला शब्द पाठवतो, तोही असाच. शब्द म्हणजे आकड्यांच्या डब्यांची गाडी. एका डब्याला म्हणतात 'बाइट'. 'सी' भाषेत शब्दाच्या शेवटी शून्याचा डबा जोडतात. ही झाली फुली. १९८३ साली आलेल्या टर्बो पास्कलमध्ये मात्र पहिल्याच डब्यात लांबी लिहीत. एका डब्यात २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, म्हणून शब्दही तेवढाच लांब!

आता एक फुली शोधतोय आणि दुसरा आकडा, तर घोटाळा होणारच. पण खरी गंमत पुढंच आहे. मोजायचं काय? अक्षरं की डबे?

'अंबाजोगाई' घ्या. युनिकोडमध्ये अ, अनुस्वार, ब, काना, ज, ओकार, ग, काना, ई अशी नऊ चिन्हं होतात. यूटीएफ-८ पद्धतीत मराठीच्या प्रत्येक चिन्हाला तीन डबे लागतात. म्हणजे २७ डबे! जावा भाषेतला प्रोग्रॅम म्हणाला, "लांबी नऊ," आणि सीमधल्या प्रोग्रॅमनं नऊ डबेच उचलले, तर हाती काय येईल? नुसतं 'अंब'!

कुणी इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांपुढे ठेवून गावाच्या नावाला २० डबे राखले, तर 'माजलगाव'ला लागतात २१. शेवटच्या 'व'चा एक डबा बाहेर राहतो आणि त्याच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. गुणपत्रिकेवर किंवा दाखल्यावर तुमचंच नाव असं अर्धं छापलं गेलं, तर? म्हणून दोन प्रोग्रॅम जोडताना आधीच ठरवावं लागतं: शेवट कसा ओळखायचा, मोजायचं काय आणि जागा किती ठेवायची.

आता वही घ्या आणि 'आष्टी' मोजा. जोडाक्षरातला हलन्त वेगळा धरायचा बरं का! चिन्हं पाच, डबे १५ आले ना? शाब्बास! मग आता तुमचं नाव मोजा.