सारंग आणि कुरंग

वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीच्या भरपाईसंबंधीच्या शासकीय आदेशात 'हरीण' या शब्दापुढे 'सारंग व कुरंग' अशी फोड केलेली आहे. परंतु लातूरकडच्या शिवारातून जे अर्ज येतात त्यांत 'हरणांनी हरभरा खाल्ला' एवढेच लिहिलेले असते, आणि त्या दोन शब्दांत अंतर केवढे आहे हे दोन्हींची शिंगे हाती घेईपर्यंत मलाही नीटसे उमगले नव्हते.

पहिले शिंग पाहिले ते नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या सागवानात. वाळक्या पाचोळ्यात अर्धवट रुतलेले, बुडाशी खरबरीत कडे असलेले, कड्याजवळ एक आणि शेंड्याला दोन अशी तीन टोके असलेले ते चितळाचे शिंग हाताला चांगलेच जड लागले, कारण ते आतपर्यंत हाडच होते. आपल्याकडच्या सारंगांत, म्हणजे चितळ-सांबरांत, शिंगे नरालाच येतात. वाढताना ती मखमली कातडीत लपेटलेली असतात, यथाकाल गळून पडतात आणि पुन्हा नव्याने फुटतात. "इथंच ठेवा साहेब," वनरक्षक म्हणाला, "गळालेलं असलं तरी सरकारचंच हाय."

दुसरे शिंग लातूर जिल्ह्यातल्या एका माळावर, हरभऱ्याच्या बांधालगत मेलेल्या काळविटाच्या कवटीवर होते. तिथल्या वनरक्षकाने ते हलकेच पिळून ओढले, तो म्यानातून तलवार निघावी तसा आतला हाडाचा खुंट उघडा पडला आणि नखाच्या द्रव्याचे, वळ्यावळ्यांचे, पीळदार पण बिनफाट्याचे पोकळ टरफल त्याच्या हातात आले. कुरंगाचे शिंग जन्मभर गळत नाही. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही ही सारी गाय-शेळीच्याच कुळातली.

मात्र काळविटाच्या मादीला बहुधा शिंग नसते, आणि पिकात शिरणाऱ्या कळपांत माद्याच पुष्कळ. अशा वेळी वनरक्षक जमीन वाचतो. या शेतातही बांधावर एकाच जागी पुनःपुन्हा टाकलेल्या लेंड्यांचा ढीग होता, ओल्या काळ्या मातीत अणकुचीदार खुरांचे ठसे होते आणि ओळीच्या ओळी हरभऱ्याचे शेंडे खुडलेले होते. शेतकरी म्हणाला, "सारंग म्हना, कुरंग म्हना, माझं रान तर गेलं ना!" त्याचे दुःख खरे होते आणि त्याची भरपाई त्याला मिळालीच पाहिजे, परंतु जंगलातले चितळ आणि उघड्या माळावर जगणारे काळवीट एकाच नावाखाली दप्तरी दाखल झाले, तर माळ नांगरला जात असताना नेमके कोण बेघर होते आहे याचा पत्ता त्या दप्तरात कधीच लागायचा नाही.

वनरक्षकाने पंचनाम्यात 'हरीण' हा शब्द खोडून वर 'काळवीट' असे लिहिले, आणि खाली मुद्देमालाच्या यादीत नोंद केली: शिंगे, पोकळ, पीळदार, नग 2.