तेल आहे ना समोर, मग काढत का नाहीत?

पंपावर शंभराची नोट दिली की मुंबईत लिटरभरही पेट्रोल येत नाही. मग कट्ट्यावर तोच विषय निघतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, 'अरे, आपल्या मुंबईसमोरच तर समुद्रात तेल आहे! मग जास्त खोदत का नाहीत?' मीही हेच म्हणायचे. एकदा मैत्रिणीच्या घरी बोलून गेले आणि तिचे बाबा हसायला लागले. काका तिकडेच कामाला असतात. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. त्यांनी सांगायला सुरुवात केली, बाकीचं मी शोधून वाचलं.

मुंबई हाय म्हणजे किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत. 'सागर सम्राट' या जहाजासारख्या रिगला तिथे १९७४ च्या फेब्रुवारीत तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. म्हणजे हे तेलक्षेत्र आपल्या आईबाबांच्या वयाचं आहे, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. सुरुवातीला तेल जमिनीखालच्या दाबानेच वर येतं. पुढे दाब कमी होतो, मग खाली पाणी सोडून तेल ढकलावं लागतं. वर येताना तेलाबरोबर तेच पाणी येतं, आणि विहीर जितकी म्हातारी तितकं पाणी जास्त. ऐंशीच्या दशकातला कळस केव्हाच मागे पडला. आता नव्या विहिरी खोदल्या जातात त्यातल्या बऱ्याच उत्पादन वाढावं म्हणून नाही, निदान घसरू नये म्हणून! २०२५ मध्ये ओएनजीसीने या जुन्या क्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची मदत घेतली, ती यासाठीच.

बरं, खोदायचं ठरवलं तरी समुद्र कुठे मोकळा असतो? या रिगला लांबलचक पाय असतात. ते तळाला टेकवून रिग पाण्याच्या वर उचलली जाते. एका जागेवरून दुसरीकडे न्यायची तर समुद्र शांत हवा. पाइपलाइन टाकणं, नवे प्लॅटफॉर्म उभारणं ही कामंही ऑक्टोबर ते मे एवढ्याच वेळात उरकायची. एखादा भाग वेळेवर आला नाही की पावसाळा लागतो आणि काम पुढच्या हंगामावर जातं. आपला एक पेपर राहिला की वर्ष जातं ना, अगदी तसं.

घाई केली तर काय होतं? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा हंगाम संपता संपता कामावर असलेला पी-३०५ हा बार्ज बुडाला. तो आणि 'वरप्रदा' ही टग मिळून ८० हून जास्त माणसं गेली.

त्याआधीची गोष्ट मला जास्त लागली. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायजवळच्या एका जहाजावर स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. हवामानामुळे हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आणलं. लाटांनी ते तेल-वायूच्या पाइपवर आदळलं. आग लागली, काही तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला आणि २२ जणांचा जीव गेला. सुरुवात झाली होती कापलेल्या बोटांपासून.

मग दुसरीकडे शोधा की! शोधतातच. आंध्रच्या किनाऱ्याबाहेर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला खोल समुद्रातला एक ब्लॉक ओएनजीसीकडे २००५ मध्ये आला, पहिलं तेल निघालं जानेवारी २०२४ मध्ये. त्या वर्षी जन्मलेलं बाळ तोवर कॉलेजला गेलं! तिथलं तेल मेणासारखं, गार झालं की थिजतं. राजस्थानात बाडमेरलाही तीच गत. तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची शेकडो किलोमीटरची पाइपलाइन कायम गरम ठेवावी लागते.

आणि जमिनीवर माणसं राहतात. आसाममधल्या बागजानला मे २०२० मध्ये विहिरीतून वायू उसळला, जूनमध्ये पेट घेतला, आणि ती पूर्ण बंद झाली थेट नोव्हेंबरमध्ये. शेजारी पाणथळ जागा, पलीकडे दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. हजारो लोकांनी घरं सोडली. आपल्याकडे तेल शोधायला सर्वेक्षणाची जहाजं मागे किलोमीटरच्या किलोमीटर केबल ओढत जातात, तेव्हा कोळ्यांना जाळी काढून बसावं लागतं. तेल सापडेल की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. पण त्यांचे दिवस मात्र जातात.

आयातीवरचं अवलंबून राहणं २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करायचं, असं २०१५ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं. तेव्हा तो आकडा ८० टक्क्यांच्या आत होता. आज तो ८५ च्या वर आहे. कारण या काळात आपल्या गाड्याही वाढल्याच की, माझी धरून.

काकांना शेवटी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? ते गोव्यातल्या बेतुलच्या ट्रेनिंगबद्दल सांगायला लागले. हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात पट्टा बांधून बसवतात, तो पाण्यात उलटा करतात आणि खिडकीतून बाहेर यायचं. मैत्रीण म्हणाली, 'बाबा, पुरे!' दारात त्यांची बॅग भरून ठेवलेली होती. मंगळवारी जुहूहून हेलिकॉप्टर होतं, म्हणजे आभाळ मोकळं असलं तर.