बदलांची नोंद आणि शब्दसंग्राहक

सन २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरून शब्दसंग्रह सिद्ध करणाऱ्यास तेथील रोजचे बदल टिपावे लागतात. त्यासाठी 'एपीआय' ही संगणकांच्या परस्पर विचारणेची ठरीव रीत उपयोगी पडते. 'अमुक वेळेनंतर काय बदलले?' हा प्रश्न मात्र फसवा होय. कालनोंद सेकंदापुरतीच असल्याने एकाच सेकंदातील दोन बदलांपैकी एक निसटू शकतो. म्हणून उत्तरासोबत येणारी पुढील वाचनाची खूण जपावी. तीत वेळेबरोबर बदलाचा क्रमांकही असतो.

वगळलेल्या लेखाची गोष्ट याहून बिकट. तो निमूटपणे नाहीसा झाला, तर त्यातील चुकीचे शब्द आपल्या संग्रहात प्रमाण म्हणून नांदत राहतात! विकिपीडिया वगळण्याचीही स्वतंत्र नोंद ठेवतो. आपली शब्दावली अशी खुली करणाऱ्यानेही शब्द नुसता पुसू नये. 'वगळला' अशी क्रमांकित नोंद करावी.